गाभ्यातील रोजकीर्द

रायपुरास बदली होऊन आलेल्या मराठी अधिकाऱ्यास येथील जुन्या दप्तरांत आपल्याच भाषेचे शब्द भेटतात. बिंबाजी भोसले १७८७ मध्ये वारल्यावर नागपूरकरांनी छत्तीसगडचा कारभार सुभेदारांकरवी चालविला. कमाविसदार, फडणीस ही नावे त्या काळी येथे परगण्यापरगण्यांत रुळली. १८१८ मध्ये इंग्रजांची देखरेख आली, मुख्य ठाणे रतनपुराहून रायपुरास हलले, आणि मेजर अ‍ॅग्न्यू याने १८२० मध्ये या सुभ्याचा वृत्तांत लिहून काढला. दुसऱ्यांनी उभारलेला कारभार, तो चालू असतानाच समजून घेऊन कागदावर उतरविणे किती जिकिरीचे असते, हे ज्यांनी एकदा तरी चार्ज घेतला आहे त्यांस आम्ही सांगावयास नको.

त्याच जातीच्या एका अर्वाचीन उद्योगाचा इतिहास येथे सांगावयाचा आहे. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स याने लिनक्स या प्रणालीस आरंभ केला. तिच्या गाभ्यास कर्नल म्हणतात. अ‍ॅग्न्यू मेजर होता म्हणून वाचकांनी याचा संबंध पलटणीशी लावू नये, हा कर्नल म्हणजे फळातला गर. आपल्या खिशातला अ‍ॅण्ड्रॉइड फोनही याच गाभ्यावर चालतो. हा गाभा काम करीत असता आत नेमके काय घडते, हे पाहावे कसे? थांबवून पाहिले तर पाहण्याजोगे काही उरत नाही. २००४ मध्ये २.६.९ या आवृत्तीत ‘केप्रोब्स’ नावाची सोय आली. चालत्या गाभ्यात हव्या त्या जागी टेहळणी बसविण्याची ही युक्ती; तिच्या घडणीत बंगळूरच्या आयबीएममधील अभियंत्यांचा वाटा मोठा होता. पुढे २००८ मध्ये स्टीव्हन रोस्टेड याने ‘एफट्रेस’ आणले.

एफट्रेसची रीत चमत्कारिक आहे. गाभ्यातील बहुतेक प्रत्येक कार्याच्या उंबरठ्यावर एक हाक पेरून ठेवावयाची, ती एरवी निष्क्रिय करावयाची, आणि पाळत हवी असेल तेव्हाच जागी करावयाची. या हाकांचे पत्ते एका वहीत टिपलेले असत. २००८ च्या सप्टेंबरात, नवी आवृत्ती चाचणीत असताना, इंटेलची काही नेटवर्क कार्डे एकाएकी निकामी होऊ लागली. त्यांच्या कायम स्मृतीतील मजकूरच बिघडत होता. संशय अर्थातच कार्डाच्या चालकावर, म्हणजे ‘ई१०००ई’ वर गेला. पण तो बिचारा निर्दोष होता. काही कार्ये काम संपताच स्मृतीतून काढून टाकली जात, त्यांची जागा दुसऱ्यास मिळे; वहीतला पत्ता मात्र जुनाच राही. एफट्रेसचा नोकर त्या पत्त्यावर जाई आणि “हाक येथेच आहे ना?” असे ताडून पाही. ज्या आज्ञेने तो ताडून पाही, ती आज्ञा जुळणी न झाली तरी जागेवर एकवार लिहितेच. त्या जागी आता कार्डाची स्मृती येऊन बसलेली असली, म्हणजे घात झाला! २.६.२७ ऑक्टोबरात निघाली, आणि लगोलग आलेल्या २.६.२७.१ मध्ये ही सोय बंद करून ठेवावी लागली. पुढच्या आवृत्तीत पत्त्यांची यादी गाभा घडवितानाच तयार होऊ लागली.

रोस्टेडने त्याच वर्षी एफट्रेसचे दीर्घ टिपण लिहिले. त्यात अहवालाच्या ओळींतील एकेका अक्षराचा उलगडा आहे. ‘डी’ म्हणजे व्यत्यय रोखून धरलेले, ‘एच’ म्हणजे यंत्राने दिलेल्या व्यत्ययाची सेवा चालू. मोडीतील लघुरूपे ज्यांनी लावली आहेत त्यांस याची गोडी कळेल. आम्हांस मात्र त्याचे २००९ चे दुसरे टिपण अधिक मोलाचे वाटते. ते नोंदींच्या चक्राकार वहीविषयी आहे. कारकून रोजकीर्दीत नोंद घालीत असता मध्येच अधिक निकडीचा माणूस येतो. पहिली नोंद अर्धी टाकून त्याची पुढे लिहिली जाते व आधी पुरी होते. मग पहिली पूर्ण करावयाची, आणि तोवर दोन्ही पक्क्या धरावयाच्या नाहीत. वाचणारा तर भरलेले पान काढून नेतो आणि तेथे आपले कोरे पान खोवतो. हे सर्व कुलूप न लावता! पानांचे पत्ते नेहमी चारच्या पटीत असल्याने त्यांचे शेवटचे दोन अंक रिकामेच राहतात. त्यांतच ‘हे पहिले पान’ आणि ‘हे हलविले जात आहे’ अशा खुणा दडविलेल्या. केवळ आज्ञावली वाचून ही खूण कोणास सापडती, याची आम्हांस शंका आहे. रोस्टेडने तेथे पानामागून पान, बाणामागून बाण, टंकलेखनाच्या साध्या चिन्हांनी चित्रे काढली आहेत: उभी रेघ, आडवी रेघ, अधिक चिन्ह. चित्रागणिक बाण थोडे थोडे हललेले. ही टिपणे आज्ञावलीच्या शेजारीच, गाभ्याच्या त्याच भांडारात ठेवलेली आहेत.