अरीय एंजिनाचा विकास आणि उष्णतेचा प्रश्न

विमानाचे अरीय एंजिन हे फिरत्या सिलिंडरांच्या एंजिनाची उत्तरकालीन सुधारणा होय, असे सामान्यतः समजले जाते. कालक्रम मात्र या समजुतीस पुष्टी देत नाही. लँग्ली यांच्या विमानासाठी बाल्झर यांनी योजिलेले फिरते एंजिन पुरेशी शक्ती देईना, तेव्हा चार्ल्स मॅनली यांनी त्याचे सिलिंडर स्थिर केले व ते पाण्याने थंड ठेवले. या पाच सिलिंडरांच्या एंजिनाने सुमारे ५२ अश्वशक्ती दिली. १९०३ मध्ये ते विमान दोनदा नदीत कोसळले; तथापि तो दोष एंजिनाचा नव्हता.

अरीय रचनेत सिलिंडर चाकाच्या आऱ्यांप्रमाणे भुजादंडाभोवती मांडलेले असतात. एका सिलिंडराचा मुख्य संयोगदांडा भुजादंडावर बसतो व इतरांचे दांडे त्यालाच जोडलेले असतात. चार धावांच्या चक्रात प्रत्येक सिलिंडरात दोन फेऱ्यांत एकदाच ज्वलन होते. म्हणून नऊ सिलिंडरांत १, ३, ५, ७, ९, २, ४, ६, ८ असा क्रम ठेवला, म्हणजे दर ८० अंशांनी एक आघात मिळतो. संख्या सम असल्यास हा एकाआड एक क्रम पहिल्याच फेरीअखेर मूळ सिलिंडरापाशी परत येतो व उरलेल्यांची पाळीच येत नाही. विषम संख्येचे रहस्य ते हेच.

यावरून रचनेचे तत्त्व आरंभीच हाती आले होते, हे उघड आहे. अडचण उष्णतेची होती. पाणी वापरावे तर वजन वाढे. फ्रान्समधील सेगँ बंधूंनी १९०९ च्या सुमारास ‘ग्नोम’ एंजिनात सिलिंडरच फिरते ठेवून हवेने ते थंड केले. परंतु एरंडेलाचा मोठा खर्च, वाढता वायुरोध आणि भोवऱ्यासारखा घूर्णी परिणाम ही त्याची किंमत होती.

स्थिर सिलिंडर केवळ हवेने थंड ठेवण्यासाठी धातूच्या पातळ पात्या, ॲल्युमिनियमची शीर्षे आणि निष्कास झडपेची नवी घडण आवश्यक ठरली. सॅम्युएल हेरन यांनी पोकळ झडपेत उष्णतेने वितळणारा पदार्थ भरून तिची उष्णता दांडीकडे वाहून नेली. पुढे या कामी सोडियम रूढ झाले. हेरन यांच्या संशोधनाचा लाभ झालेल्या ‘राइट व्हर्लविंड जे-५’ या सुमारे २२० अश्वशक्तीच्या एंजिनावर लिंडबर्ग यांनी मे १९२७ मध्ये न्यूयॉर्क ते पॅरिस हे अंतर साडेतेहेतीस तासांत अखंड पार केले.

तात्पर्य, अरीय एंजिनाचा इतिहास हा आकृतीच्या शोधाचा नसून उष्णतेच्या नियमनाचा इतिहास आहे. केवळ रचनेच्या साम्यावरून यंत्रांची वंशावळ मांडणाऱ्या अभ्यासकाने हा भेद ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.