इयत्ता आणि हिशेब

मंडळाला पन्नास वर्षे पूर्ण होत असताना मागील कार्याचा झाडा सभासदांपुढे मांडणे हे ओघानेच येते. वर्गणी कोणी दिली, ती कोठे खर्च झाली, शिल्लक किती राहिली, हे ताळेबंदाच्या दोन पानांत सांगता येते. शाळेचा हिशेब मात्र असा सहजासहजी मांडता येत नाही. तो कोणी द्यावयाचा, कोणाला द्यावयाचा आणि कोणत्या मापाने द्यावयाचा, हा वाद आपल्या देशात निदान दीडशे वर्षे चालू आहे. प्रस्तुत लेखात त्या वादाच्या आरंभीच्या एका प्रकरणाकडे वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे.

आरंभ एका शब्दापासून करू. परप्रांतात वाढणारी आपली मुले ‘फोर्थ स्टँडर्ड’मध्ये असल्याचे सांगतात, आपण तिला चौथी इयत्ता म्हणतो. ‘इयत्ता’ हा शब्द संस्कृत ‘इयत्’, म्हणजे ‘इतके’, यापासून झाला. त्याचा मूळ अर्थ परिमाण. ‘स्टँडर्ड’चाही अर्थ ठरीव माप असाच आहे. वर्गाला मापाचे नाव का पडावे? याचे उत्तर इंग्लंडमधील १८६२ सालच्या एका नियमावलीत सापडते.

तत्पूर्वी आपल्याकडे गावठी शाळा होत्या. पंतोजी कोणाच्या ओसरीवर वा देवळात मुले जमवी. धूळपाटीवर अक्षरे, मोडी वाचन आणि तोंडचे हिशेब शिकवी. त्याचा मोबदला पालकांकडून कधी रोख, कधी धान्याच्या रूपाने येई. मूल शिकते आहे असे वाटले तर पालक देत, न वाटले तर हात आखडता घेत. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. मुलींना आणि अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांना त्या ओसरीवर जवळजवळ जागाच नव्हती. परंतु हिशेब देणारा आणि घेणारा एकमेकांसमोर होते, एवढे खरे.

१९ जुलै १८५४ च्या सर चार्लस वुड यांच्या खलित्याने हे चित्र पालटले. प्रत्येक इलाख्यात शिक्षणखाते, तपासणीसाठी इन्स्पेक्टर आणि खाजगी शाळांना सरकारी अनुदान अशी रचना त्याने घालून दिली. पैसा सरकारचा म्हटल्यावर त्याचा मोबदला काय मिळाला, हा प्रश्न आलाच.

नेमका हाच प्रश्न त्या वेळी इंग्लंडमध्येही ऐरणीवर होता. तेथील शिक्षणसमितीचे उपाध्यक्ष रॉबर्ट लो यांनी १८६२ मध्ये सुधारित नियमावली अमलात आणली. हजेरीसाठी दर मुलामागे ४ शिलिंग आणि परीक्षेसाठी ८ शिलिंग, असा तिचा सर्वसाधारण दर होता. वाचन, लेखन व अंकगणित या तीन विषयांपैकी ज्यात मूल नापास होईल, त्या प्रत्येक विषयामागे २ शिलिंग ८ पेन्स कापले जात. परीक्षेसाठी सहा ‘स्टँडर्ड’ ठरविले गेले आणि पुढे वर्गालाच ते नाव चिकटले. ही पद्धत स्वस्त ठरली नाही तर कार्यक्षम ठरेल आणि कार्यक्षम ठरली नाही तर स्वस्त तरी ठरेल, असे लो यांचे सांगणे होते. त्यातला दुसरा अर्धा भाग लवकर खरा झाला. आठ लाख पौंडांवर गेलेली अनुदानाची रक्कम १८६५ पर्यंत साडेसहा लाखांच्या आत आली.

कवी म्हणून प्रसिद्ध असलेले मॅथ्यू आर्नल्ड हे पोटासाठी शाळातपासनीस होते. त्यांनी या पद्धतीला प्रथमपासून विरोध केला. त्यांचे निरीक्षण असे की, वर्षभर मुले एकच नेमलेले पुस्तक घोकतात, तपासनिसापुढे त्यातील उतारा धडाधड म्हणून दाखवितात. मात्र दुसरे कोणतेही पुस्तक हाती दिले की अडखळतात. परीक्षा उत्तीर्ण होते, पण वाचता येत नाही. हा दोष शिक्षकाच्या नीतीचा नव्हता. ज्या मापावर पोट अवलंबून, त्या मापापुरतेच शिकविणे हा मनुष्यस्वभाव आहे.

हीच ‘निकालावर अनुदान’ पद्धत हिंदुस्थानातही आली. अनुदान देण्याच्या रीती सर्वत्र सारख्या नव्हत्या. मद्रास इलाख्यात शिक्षकाच्या वेतनाचा काही भाग सरकार देई. खालच्या शाळांना तेथेही निकालाची अट होती. उत्तर व मध्य हिंदुस्थानात ठरावीक मुदतीसाठी ठरावीक रक्कम मिळे. निकालावरील अनुदानाचे मुख्य क्षेत्र झाला तो मुंबई इलाखा. या पद्धतीचा कल कोणीकडे असणार हे सांगावयास नको. जे मूल सुगीच्या दिवसांत शेतावर जाते, ज्याच्या घरी अक्षराचा गंध नाही, ते शाळेच्या दृष्टीने तोट्याचे ठरते आणि घरीच निम्मे शिकून आलेले मूल नफ्याचे. ‘दिपोटीसाहेब’ येणार म्हणून भिंतींना चुना लागणे आणि हुशार मुलांनी पुढच्या ओळीत बसणे, ही दृश्ये आपल्यातील ज्येष्ठांनी पुढील काळातही पाहिली असतील. त्यांचे मूळ एवढे जुने आहे.

१८८२ च्या फेब्रुवारीत लॉर्ड रिपन यांच्या सरकारने विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला. काशिनाथ त्रिंबक तेलंग त्याचे एक सभासद होते. या आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी पुण्याहून आपले निवेदन सादर केले. ते वाचताना सामान्यतः सक्तीच्या शिक्षणाची मागणी तेवढी लक्षात राहते. निदान वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचे असावे, असे ते म्हणतात. तथापि शाळेच्या हिशेबाविषयी त्यांनी जे लिहिले आहे, तेही तितकेच मोलाचे आहे.

१८४८ पासून शाळा चालविलेला हा माणूस शिक्षकाच्या जबाबदारीविषयी मुळीच मवाळ नाही. दिपोटीने वर्षातून एकदा येऊन काही साधत नाही. निदान तीन महिन्यांतून एकदा तपासणी व्हावी आणि अधूनमधून आगाऊ सूचना न देता शाळा पाहाव्यात, असे ते सुचवितात. परंतु त्याच निवेदनात शिक्षकाला किमान १२ रुपये पगार असावा, मोठ्या गावी तो १५ ते २० रुपये असावा, अशी मागणी आहे. ज्याची बरीच मुले उत्तीर्ण होतील, त्याला उत्तेजनार्थ खास भत्ता द्यावा, पण तो पगाराव्यतिरिक्त, असे ते स्पष्ट म्हणतात. निकाल आणि पोट यांची गाठ त्यांनी येथे सोडविली आहे. तपासणी कडक, भाकरी निश्चित आणि यश मिळाल्यास वर बक्षीस, अशी ही योजना होती.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांनी हिशेब दोन्ही बाजूंनी मागितला. शेतकऱ्याच्या घामातून आलेल्या सरकारी उत्पन्नाचा मोठा वाटा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे जातो, तेव्हा लोकल फंडातील निम्मी रक्कम केवळ प्राथमिक शिक्षणाला द्यावी, असे त्यांनी सरकारला बजावले. शिक्षकाने मुलाचा हिशेब द्यावा हे खरे. पण राज्यकर्त्यांनी करदात्याचा हिशेब आधी द्यावा, असा त्याचा अर्थ.

आयोगाने १८८३ च्या अहवालात काय केले? निकालावरील अनुदान महाविद्यालयांना लावू नये, प्राथमिक शाळांना मात्र बऱ्याच अंशी परीक्षेच्या निकालांवरच साहाय्य द्यावे, अशी शिफारस केली. जी शाळा सर्वांत दुबळी, तिलाच सर्वांत कडक माप लागले. इंग्लंडने १८९० पासून ही पद्धत मोडीत काढण्यास आरंभ केला, तरी आपल्याकडे तिचा शेवट व्हावयास लॉर्ड कर्झन यांची कारकीर्द यावी लागली.

माप गेले, परंतु ‘दर्जा’ हा शब्द दुसऱ्या कामी आला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा आधी असलेल्या शाळा सुधारा, मग विस्ताराचे बोला, असा सूर उमटला. निरक्षरता नाहीशी करणे हे पहिले काम, गुणवत्ता त्यामागून येईल, असे गोखले यांचे उत्तर होते. १९ मार्च १९१२ रोजी विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात आरंभ करून १९०६ पर्यंत सर्व संस्थानात शिक्षण सक्तीचे केले होते. मराठी राजाने गुजराती मुलखात घालून दिलेला हा धडा समोर असूनही तो ब्रिटिश हिंदुस्थानच्या कामी आला नाही.

जुन्या वादाची ही दोन टोके आजही आपल्यापुढे आहेत. २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणालाही मागे ठेवू नये असे ठरविले. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीत परीक्षा घेऊन मागे ठेवण्याची मुभा राज्यांना दिली. दरम्यान ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून सुरू झालेल्या ‘असर’ पाहणीत, ग्रामीण भागातील पाचवीच्या सुमारे निम्म्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूरही वाचता येत नाही, असे पुन्हापुन्हा दिसून आले आहे. ही पाहणी शाळेत नव्हे, मुलाच्या घरी जाऊन होते आणि तिच्यावर कोणाचा पगार अवलंबून नसतो. आगाऊ सूचना न देता शाळा पाहण्याच्या जोतीरावांच्या सूचनेशी तिचे नाते सांगता येईल.

या इतिहासावरून परीक्षाच नको, असा निष्कर्ष निघत नाही. ज्या मुलाला वाचता येत नाही, त्याला येते असे लिहून वरच्या इयत्तेत ढकलणे ही दया नव्हे, फसवणूक आहे. पण नापासाचा शेरा केवळ त्या मुलाच्या आणि त्याच्या शिक्षकाच्या नावे लिहून वरच्या सर्वांनी हात झटकणे, हीही फसवणूकच. इयत्ता म्हणजे माप. ते मुलाला लावताना, त्याला शिक्षक कोणता दिला, पुस्तक केव्हा दिले आणि त्याच्या वाट्याचा पैसा कोठे गेला, यांनाही लावले पाहिजे. अनेक मंडळे आज शाळा आणि मराठीचे वर्ग चालवितात. पुढल्या वार्षिक सभेत ताळेबंद वाचून झाल्यावर आपल्याच वर्गातील एखाद्या मुलाच्या हाती न पाहिलेले पुस्तक द्यावे. ते अडखळले, तर आपण त्याला काय द्यावयाचे राहिले, याची नोंद प्रथम कार्यवृत्तात करावी.