त्साराअत ते महारोग : एका शब्दाचा प्रवास

माझ्या चुलत आजीच्या हातापायांवर पांढरे कोड होते. दुखणेखुपणे काही नव्हते. पण हळदीकुंकवाला तिला आमंत्रण नसे आणि तिच्या हातचे पाणी पाहुणे टाळत. पुष्कळ वर्षांनी, रद्दीच्या दुकानातून आणलेले एक जुने मराठी बायबल वाचताना मी लेवीय पुस्तकाच्या तेराव्या अध्यायापाशी अडखळलो. तिथे याजक अंगावरचा चट्टा तपासून माणूस शुद्ध की अशुद्ध हे ठरवतो. मराठीत त्या चट्ट्याला महारोगाचा चट्टा म्हटले आहे. पण चट्टा पसरून सारे अंग पांढरे झाले तर त्या माणसाला शुद्ध ठरवावे, असेही त्याच अध्यायात आहे. महारोगाला हे लागू पडत नाही. मला आजी आठवली आणि या शब्दाचा माग काढावासा वाटला.

मूळ हिब्रू शब्द आहे ‘त्साराअत’. मला हिब्रू येत नाही. कोश पुढ्यात घेऊन अक्षरे लावतो, एवढेच. पण अध्याय सलग वाचायला कोश लागत नाही. हाच त्साराअत पुढे लोकरीच्या आणि तागाच्या वस्त्रांना लागतो, कातड्याला लागतो आणि चौदाव्या अध्यायात घराच्या भिंतींनाही लागतो. मग भिंतीतले दगड काढायचे आणि गिलावा खरवडायचा. म्हणजे खवले, डाग, बुरशी अशा वरवर दिसणाऱ्या अनेक बिघाडांचे हे सामाईक नाव आहे. संशयिताला सात दिवस वेगळे ठेवून पुन्हा पाहावे, असे सांगितले आहे. कुष्ठरोग सात दिवसांत सहसा बदलत नाही. शिवाय कुष्ठरोगाची मुख्य खूण म्हणजे बधिरपणा, आणि त्याचा इथे उल्लेखच नाही.

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकापासून हिब्रू धर्मग्रंथ ग्रीकमध्ये उतरू लागले, तेव्हा त्साराअतसाठी ‘लेप्रा’ हा शब्द घेतला गेला. लेप्रा म्हणजे खवले सुटणारा त्वचारोग. आजच्या कुष्ठरोगाला ग्रीक वैद्य ‘एलिफंटायसिस’ म्हणत. अकराव्या शतकात कॉन्स्टंटाइन द आफ्रिकन याने अरबी वैद्यकग्रंथ लॅटिनमध्ये आणले आणि अरबी ‘जुझाम’ला, म्हणजे खऱ्या कुष्ठरोगाला, लेप्रा हे नाव दिले. वैद्यांचा लेप्रा आणि धर्मग्रंथातला लेप्रा असे एक झाले, आणि ‘छावणीबाहेर राहावे’ हा लेवीय पुस्तकातला नियम कुष्ठरोग्याच्या माथी बसला.

आपल्याकडेही असेच घडले होते. चरकाने कुष्ठाचे अठरा प्रकार सांगितले आहेत : सात महाकुष्ठे आणि अकरा क्षुद्रकुष्ठे. वाग्भटाच्या आठ महारोगांत तर मूळव्याध आणि प्रमेहही आहेत. कुष्ठ हाच शब्द झिजून हिंदीत ‘कोढ’ झाला, तो कुष्ठरोगासाठी. मराठीत ‘कोड’ झाला, तो पांढऱ्या डागांसाठी. बायबल मराठीत आले तेव्हा एका सैल शब्दाच्या जागी दुसरा सैल शब्द बसला. आणि वाचकाच्या मनात मात्र एकच रोग उभा राहिला.

कुष्ठरोग्यांच्या हालांचा सगळा दोष या भाषांतरावर टाकता येणार नाही. १८७३ मध्ये हॅन्सनने कुष्ठरोगाचा जंतू शोधला आणि संसर्गाची भीती वाढली. मराठी पोवाडे गोळा करणारे म्हणून आपल्याला माहीत असलेले अ‍ॅकवर्थ मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर असताना, १८९० मध्ये, माटुंग्याला कुष्ठरोग्यांचे आश्रयस्थान सुरू झाले. १८९७ च्या बर्लिन परिषदेने विलगीकरणाचा पुरस्कार केला. १८९८ च्या कायद्याने निराधार कुष्ठरोग्याला वॉरंटाशिवाय पकडण्याची मुभा पोलिसांना दिली. ही सारी सरकारी कारणे होती. पण ‘छावणीबाहेर’ या शब्दांनी त्यांना धर्माचा आधार मिळाला.

त्याच बायबलात मार्काच्या पहिल्या अध्यायात येशू अशाच एका रोग्याला हात लावतो. अंबाल्याला कुष्ठरोगी पाहिलेल्या वेलस्ली बेली यांनी १८७४ मध्ये त्यांच्यासाठी मिशन काढले. सेवा स्पर्शाची होती, तरी अनेक आश्रमांत स्त्री-पुरुषांना वेगळे ठेवले जाई. एकाच संस्थेत दोन्ही अध्याय नांदत होते.

मग हा गुंता मिशनरी डॉक्टरांनीच सोडवायला घेतला. चेंगलपट्टूला सल्फोन औषधांवर काम करणारे रॉबर्ट कॉक्रेन आणि काँगोत काम केलेले स्टॅन्ली ब्राउन या दोघांनीही बायबलातला हा शब्द म्हणजे आजचा कुष्ठरोग नव्हे, असे लिहिले. वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी दाखवले, की बोटे रोगाने गळून पडत नाहीत. वेदना कळत नसल्याने झालेल्या जखमांनी ती झिजतात. रोगी नीट पाहिला म्हणून ग्रंथही नीट वाचता आला. १९७० च्या न्यू इंग्लिश बायबलने तर लेवीय पुस्तकात घातक त्वचारोग अशा अर्थाचा शब्द घेतला.

ग्रंथाचा अर्थ लावताना उपक्रम आणि उपसंहार एकत्र पाहावेत, असे आपले मीमांसक सांगतात. तेरावा अध्याय माणसाला छावणीबाहेर पाठवतो, तर चौदावा त्याला परत आणण्याच्या विधीने सुरू होतो. शतकानुशतके तेरावा वाचला गेला आणि चौदावा राहून गेला. १८९८ चा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण २०१९ मध्ये कायद्यांतून काढले गेले. बहुविध औषधोपचाराची शिफारस मात्र जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्येच केली होती. रोगी बरा होऊन दारात उभा होता, दार उघडायला इतकी वर्षे लागली.

आमच्या गल्लीत तपासणीला येणाऱ्या आशाताई चट्ट्यावर हलकेच काहीतरी टेकवून विचारतात, “इथे कळतंय का?” नाव त्यानंतर. आजीला हा प्रश्न कुणी विचारला नाही. तिला सगळे कळत होते.