स्त्रियांची सायकल : रचना, इतिहास व जतन

स्त्रियांची सायकल : आसनाची नळी व पुढच्या काट्याची नळी यांना वरून जोडणारा आडवा दांडा नसलेली सायकल. पाय मागून टांग टाकून पलीकडे न नेता मधल्या मोकळ्या जागेतून नेऊन हिच्यावर बसता येते. व्यवहारात तिला ‘लेडीज सायकल’ म्हणतात. दांडा काढण्याचे मूळ कारण यांत्रिक नव्हते. घोळदार झगा घातलेल्या स्त्रीला सायकलीवर बसता यावे, हा त्यामागील हेतू होता. पोशाखाशी केलेल्या या तडजोडीमुळे सायकल जड झाली आणि तिला अनेक जोडभाग लावावे लागले. या भागांवरून त्या काळातील स्त्रीच्या हालचालींवरील बंधने व त्यांतून तिने काढलेला मार्ग यांचा बोध होतो. म्हणूनच जुन्या सायकलींच्या जतनात त्यांना विशेष महत्त्व आहे.

उद्‌गम : जर्मनीतील मानहाइम येथे कार्ल फोन ड्राइस यांनी १८१७ मध्ये पायांनी जमीन रेटीत चालवावयाचे दुचाकी वाहन तयार केले. लंडनमधील गाड्या बनविणारे डेनिस जॉन्सन यांनी त्यात सुधारणा केल्या व १८१९ मध्ये मधला भाग खाली वाकविलेला, स्त्रियांसाठी योजलेला नमुना काढला. आडव्या दांड्याच्या अभावाचे हे आरंभीचे उदाहरण होय. पुढे १८७० नंतर पुढचे चाक अतिशय मोठे असलेल्या उंच सायकली प्रचारात आल्या. झगा घालून त्यांवर चढणे जवळजवळ अशक्य असल्याने सधन घरांतील स्त्रिया तीनचाकी वापरीत. राणी व्हिक्टोरिया यांनी १८८१ मध्ये अशा तीनचाकी विकत घेतल्याने त्यांना प्रतिष्ठा लाभली.

जॉन केंप स्टार्ली यांची ‘रोव्हर’ ही सुरक्षित सायकल १८८५ मध्ये कॉव्हेंट्री येथे तयार झाली. जवळजवळ सारख्या आकाराची चाके व साखळीने फिरणारे मागचे चाक यांमुळे आसन खाली आले. जॉन बॉइड डनलॉप यांच्या हवा भरलेल्या धावेमुळे (१८८८) धक्के कमी झाले. अमेरिकेत ‘लेडीज डार्ट’ (१८८८) व इंग्लंडमध्ये स्टार्ली बंधूंची ‘सायको’ (१८८९) या स्त्रियांच्या सायकली लागोपाठ बाजारात आल्या आणि या प्रकाराचे स्वरूप बव्हंशी निश्चित झाले.

रचना : पुरुषांच्या सायकलीची चौकट दोन त्रिकोणांची असते. त्रिकोणाचा आकार सहजी बदलत नाही आणि त्यातील नळ्यांवर मुख्यतः ताण किंवा दाब येतो. त्यामुळे पातळ नळ्याही पुरतात. वरचा दांडा काढताच पुढचा त्रिकोण मोडतो. मग खालच्या नळीवर वाक व पीळ या दोहोंचा भार पडतो. त्यावर उपाय म्हणून एकाखाली एक अशा दोन समांतर नळ्या बसविण्याची पद्धत रूढ झाली. काही चौकटींत या नळ्या कमानदार असत. नेदरलँड्समध्ये आजही दिसणारी ‘ओमाफीट्स’ (शब्दशः आजीची सायकल) ही एकाच मोठ्या कमानदार नळीची असते. फ्रान्समध्ये पुढच्या काट्यापासून मागच्या आसापर्यंत दोन बारीक नळ्या सरळ नेणारी ‘मिक्स्त’ ही हलकी व अधिक ताठ रचना लोकप्रिय झाली.

झगा साखळीत अडकू नये म्हणून पूर्ण बंद चेनकव्हर आणि मागच्या चाकाच्या आऱ्यांत जाऊ नये म्हणून मडगार्डपासून आसापर्यंत दोऱ्यांचे जाळे लावीत. त्यासाठी मडगार्डच्या कडांना ओळीने बारीक भोके पाडलेली असत.

सामाजिक परिणाम : सायकलीमुळे स्त्रीला घोडागाडी व सोबतीची व्यक्ती यांवाचून दूरवर जाता येऊ लागले. अमेरिकेतील मद्यपानबंदी चळवळीच्या नेत्या फ्रान्सिस विलर्ड यांनी वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी सायकल शिकून त्या अनुभवावर १८९५ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. तथापि स्त्रियांची सायकल हे त्या स्वातंत्र्याचे साधन होते तशीच त्याची मर्यादाही होती. ॲनी कोपचोव्स्की (‘लंडनडेरी’) या १८९४ मध्ये बॉस्टनहून जगप्रवासास निघाल्या, तेव्हा त्यांच्याजवळ सु. १९ किग्रॅ. वजनाची स्त्रियांची सायकल होती. शिकागो येथे त्यांनी ती सोडून सु. ९·५ किग्रॅ. वजनाची पुरुषांची सायकल घेतली व झग्याऐवजी विजारवजा पोशाख स्वीकारला.

पोशाखातील हा बदल समाजाने सहज मानला नाही. पोशाख-सुधारणेच्या पुरस्कर्त्या लेडी हार्बर्टन यांना सरे परगण्यातील ओकम येथील एका खाणावळीत १८९८ मध्ये अशाच पोशाखामुळे मुख्य दालनात बसू दिले नाही. सायकलपटूंच्या संघटनेने दाखल केलेल्या खटल्याचा निकाल १८९९ मध्ये खाणावळीच्या चालिकेच्या बाजूने लागला. विसाव्या शतकात झगे आखूड झाले, विजारी रूढ झाल्या; तरीही खाली वाकविलेली चौकट टिकून राहिली. चढण्या-उतरण्याची सोय, वृद्धांना होणारा उपयोग व मागे ओझे असताना लागणारी सुलभता ही त्याची कारणे होत.

भारतातील प्रसार : भारतात आरंभी सायकली प्रामुख्याने इंग्लंडमधून येत. स्वातंत्र्यानंतर मद्रासजवळील अंबत्तूर, आसनसोल, सोनपत, लुधियाना इ. ठिकाणी मोठे कारखाने उभे राहिले. साडी नेसणाऱ्या स्त्रीला आडवा दांडा झग्याइतकाच अडचणीचा असल्याने शहरी शिक्षिका, परिचारिका व महाविद्यालयीन विद्यार्थिनी यांना लेडीज सायकल सोयीची ठरली. परंतु बहुतेक घरांत एकच सायकल, तीही पुरुषाची असे. त्यामुळे आडव्या दांड्याखालून पाय घालून अर्धे पायडल मारीत सायकल शिकलेल्या मुलींची संख्या मोठी आहे.

तमिळनाडूतील पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९१ पासून साक्षरता मोहिमेबरोबर स्त्रियांना सायकल शिकविण्यात आली. लेडीज सायकली पुरेशा नव्हत्या. शिवाय पुढच्या दांड्यावर मूल बसविता येते म्हणून अनेक स्त्रिया पुरुषांची सायकलच पसंत करीत, असे पत्रकार पी. साईनाथ यांनी नोंदविले आहे. जो दांडा यूरोपात अडथळा मानून काढला गेला, तो येथे उपयोगी ठरला. बिहार शासनाने २००६ मध्ये माध्यमिक शाळेतील मुलींना सायकलीसाठी अर्थसाहाय्य देण्याची योजना सुरू केली.

जतन व दुरुस्ती : जुनी सायकल चालविण्याजोगी करणे आणि तिचे ऐतिहासिक स्वरूप राखणे ही दोन उद्दिष्टे नेहमीच एकत्र नांदत नाहीत. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी सायकलीची छायाचित्रे घेणे, चौकटीवरील क्रमांक व पुढच्या नळीवरील बिल्ला नोंदविणे हे इष्ट असते. १९०२ मध्ये प्रथम आलेल्या स्टर्मी-आर्चर गिअरहबच्या नंतरच्या अनेक नमुन्यांवर निर्मितीचे वर्ष व महिना ठोकलेला असतो. मात्र हब मागाहून बदललेला असू शकतो. मडगार्डच्या कडांना ओळीने रिकामी भोके आढळल्यास तेथे दोऱ्यांचे जाळे असण्याची शक्यता असते.

दुमडत्या नळ्यांचे सांधे व आसनाच्या नळीचा मधला भाग येथे वाक किंवा तडा आहे काय, हे प्रथम पाहावे लागते. भार तेथेच एकवटतो. गंजलेली कॉटर पिन हातोड्याने ठोकल्यास पायडलाच्या आसाच्या बेअरिंगला इजा होते; तिच्यात पातळ तेल मुरू देऊन ती दाबयंत्राने काढणे सुरक्षित असते. रॅलेच्या अनेक सायकलींच्या आट्या अन्य कंपन्यांच्या आट्यांशी जुळत नसल्याने मूळ सुटे भाग टाकून देऊ नयेत. दट्ट्यांच्या ब्रेकचे रबर रिमच्या आतील बाजूस घासते. लोखंडी रिम ओली असताना असे ब्रेक कमी प्रभावी ठरतात.

रंगाबाबत विशेष सावधगिरी आवश्यक असते. तीव्र द्रावकाने सोनेरी रेघा व निर्मात्याची चित्रमुद्रा पुसली जाते. १९३० च्या सुमारापूर्वी सामान्यतः निकेलचा मुलामा देत. अशा सायकलीला झगझगीत क्रोमचा मुलामा दिल्यास ती नवी दिसते, पण तिचा काळ चुकीचा भासतो. मूळ रंगलेप एकदा खरवडला की तो परत मिळत नाही. म्हणून घाण पुसणे, गंज थांबविणे व फिरते भाग वंगण घालून मोकळे करणे एवढ्यावरच थांबण्याकडे जाणकारांचा कल असतो.

पुण्यातील कर्वेनगर भागात २०१७ मध्ये जुन्या सायकलींचे खाजगी संग्रहालय सुरू झाले. तथापि बहुसंख्य जुन्या सायकली घरोघरी, जिन्याखाली वा माळ्यावर पडून असतात. त्या वापरणाऱ्या स्त्रियांपैकी फारच थोड्यांनी आपले अनुभव लिहून ठेवले. झिजलेले आसन, एका बाजूस अधिक घासलेले पायडल, नंतर बसविलेली मुलाची बैठक, नगरपालिकेच्या सायकल-कराचा बिल्ला या खुणा त्यांच्या दैनंदिन येण्याजाण्याचा पुरावा होत. दुरुस्ती करताना त्या काढून टाकल्यास सायकल वाचते, पण तिचा इतिहास नाहीसा होतो.