पाळीवरची खूण

भंडारा हा तलावांचा जिल्हा. इथला तलाव पावसाळ्यात तुडुंब भरतो आणि मे महिन्यात तळ दाखवतो. त्याची कुणी चिंता करत नाही; तो ऋतूचा नियम आहे. चिंता करायची ती दिवाळीतही पाणी पाळीवरच्या जुन्या खुणेला लागेनासे झाले म्हणजे. कोहळी मंडळींनी बांधलेले कितीतरी तलाव असेच उथळ झाले. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, दरवर्षीची डागडुजी मागे पडली, गाळ साचत गेला.

उत्तर ध्रुवाभोवतीच्या समुद्राचेही असेच आहे. तिथे हिवाळ्यात पाणी गोठते. मार्चमध्ये बर्फाचा पसारा सर्वांत मोठा असतो, सप्टेंबरमध्ये सर्वांत लहान. १९७९ पासून उपग्रह त्याची सलग नोंद ठेवतात. त्या सप्टेंबरात सुमारे ७० लाख चौरस किलोमीटर बर्फ उरला होता. २०१२ मध्ये उरला जेमतेम ३४ लाख. फरक आपल्या देशाच्या क्षेत्रफळाहून मोठा! पुढे आकडा वरखाली झाला, पण जुनी खूण काही पुन्हा गाठली गेली नाही.

याचे कारण कोळसा आणि तेल जाळून आपण वाढवलेली उष्णता. शिवाय पांढरा बर्फ ऊन परतवतो, काळे पाणी ते पिऊन घेते. बर्फ घटला की पाणी तापते आणि पाणी तापले की बर्फ आणखी घटतो.

ध्रुवांचा अभ्यास करण्यात आपणही मागे नाही. ६ डिसेंबर १९८१ रोजी डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली पहिले भारतीय पथक गोव्याहून निघाले आणि ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरले. २००८ मध्ये उत्तरेकडे नॉर्वेच्या बेटावर ‘हिमाद्री’ हे आपले केंद्र सुरू झाले. दक्षिणेचा समुद्री बर्फ बरीच वर्षे टिकून होता. २०१६ पासून तोही घसरला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये १८ लाख चौरस किलोमीटरच्याही खाली गेला.

कुणी म्हणेल, त्याचे आपल्याला काय? गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये उत्तरेकडचा घटता बर्फ आणि मध्य भारतातला सप्टेंबरचा अतिपाऊस यांच्यातले संभाव्य नाते मांडले. सप्टेंबर म्हणजे आपल्या बांधीत धान निसवण्याचे दिवस.

मे महिन्यातला तळ पाहून घाबरू नये. पण दिवाळीची खूण दरवर्षी खाली सरकताना पाहून गप्पही बसू नये.