मुद्राचित्रण : ओळख मांडण्याचे माध्यम (वऱ्हाड)

मुद्राचित्रण : लाकूड, लिनोलियम, धातू, दगड किंवा पुठ्ठा यांवर प्रतिमा घडवून, तिला शाई लावून कागदावर ठसे घेण्याची कला. कलाशाळांत ‘प्रिंटमेकिंग’ किंवा ‘ग्राफिक’ ही नावे रूढ आहेत. कलावंताच्या देखरेखीखाली निघालेली प्रत्येक प्रत मूळ कलाकृती मानली जाते. कमी खर्चात अनेकांच्या हाती जात असल्याने वंचित समाजाचे जगणे मांडण्यासाठी हे माध्यम सोयीचे ठरले.

तंत्रे : लिनोकटमध्ये पांढरा राहायचा भाग कोरणीने काढतात आणि उरलेल्या उंच भागावर रुळाने शाई लावतात. दाबयंत्र नसले, तरी कागदावर चमच्याची पाठ घासून ठसा घेता येतो. अम्लरेखनात, म्हणजे एचिंगमध्ये, जस्ताच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावरील संरक्षक लेपात सुईने रेघा ओढून पत्रा आम्लात ठेवतात. खोल गेलेल्या रेघांत शाई भरतात, पृष्ठभाग पुसतात आणि ओलसर कागदासह पत्रा दाबयंत्रातून काढतात. कोलोग्राफसाठी पुठ्ठ्यावर तरट, सुतळी, कापड चिकटवतात. या पद्धतींत चित्र उलटे उमटते. म्हणून अक्षरे उलटी कोरावी लागतात. प्रतीखाली पेन्सिलीने क्रमांक घालतात : ३/२० म्हणजे वीस प्रतींपैकी तिसरी.

पार्श्वभूमी : गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये मुंबईत शिळाछापावर, म्हणजे दगडावरून ठसे घेण्याच्या लिथोग्राफीने, मराठी पंचांग काढले. पुण्याची चित्रशाळा (१८७८) आणि मुंबईत सुरू झालेला राजा रविवर्मांचा छापखाना (१८९४) यांमुळे देवादिकांची रंगीत चित्रे घरोघरी गेली. श्रावणात पुजला जाणारा जिवतीचा कागद हाही छापचित्राचाच प्रकार. ही चित्रे सर्वांच्या श्रद्धेची होती. कलावंताचे स्वतःचे अनुभव ठशात उतरले ते पुढे, कलाशिक्षणातून.

सावी सावरकर : अशा कलावंतांपैकी एक; जन्म नागपूर, १९६१. नागपूरनंतर बडोद्याला त्यांनी मुद्राचित्रणाचे शिक्षण घेतले व पुढे दिल्लीच्या कला महाविद्यालयात अध्यापन केले. अस्पृश्यता, देवदासी प्रथा आणि आंबेडकरी-बौद्ध जाणीव हे त्यांचे प्रमुख विषय. गळ्यात मडके आणि मागे झाडू बांधलेला अस्पृश्य ही पेशवाईतील जाचाची प्रतिमा त्यांनी वारंवार हाताळली.

वऱ्हाडातील विषय : अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी जन्मलेले आणि अकोला जिल्ह्यातील दापुरे येथे आजोळी वाढलेले गाडगेबाबा (१८७६–१९५६) मातीचे गाडगे आणि खराटा घेऊनच गावोगाव फिरले. मडके आणि झाडू या जाचाच्या खुणा त्यांच्याकडे स्वच्छतेच्या व लोकप्रबोधनाच्या खुणा झाल्या. अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा यासाठी १९२७ मध्ये झालेली चळवळ, कापूस उत्पादकांचे जगणे, मेळघाटातील कोरकू समाज हेही येथील मुद्राचित्रकाराला जवळचे विषय आहेत.

शिक्षण : शाळेतील भेंडी-बटाट्याचे ठसेकाम ही या कलेची पहिली पायरी, पुढे लिनोकट आणि मग अम्लरेखन असा क्रम सोयीचा. काळ्या-पांढऱ्यात रंगाचा आधार नसतो. त्यामुळे खराटा कोणाच्या हातात आहे, तो धरलेला आहे की बांधलेला, पाठ वाकलेली आहे की ताठ, हे रेघेलाच सांगावे लागते. अंतिम प्रतींआधी चाचणी-ठसा काढून तो सहाध्यायांना दाखवतात. पाहणाऱ्याला त्यात लाचारी दिसली आणि कलावंताला अभिमान सांगायचा असला, तर पुन्हा कोरणी हाती घ्यावी लागते.