दूध : त्वचेच्या निगेतील उपयोग

त्वचा मऊ राहावी, कोरडेपणा जावा व मळ निघावा यासाठी दूध, साय, दही किंवा ताक बाहेरून लावण्याची पद्धत. महाराष्ट्रात ती मुख्यतः अंघोळीशी जोडलेली आहे. नरकचतुर्दशीला उटणे दुधात कालवतात, थंडीत उललेल्या ओठांना साय लावतात, तान्ह्या बाळाला डाळीचे पीठ व साय चोळून न्हाऊ घालतात. आयुर्वेदात दूध शीत व स्निग्ध मानले आहे. चेहऱ्यासाठी सांगितलेले कुंकुमादी तेल शेळीच्या दुधासह सिद्ध करतात.

दूध कोणत्या रूपात लावले, यावर त्याचा गुण ठरतो. गायीच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणी व ४ टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असतो; म्हशीच्या दुधात स्निग्धांश ६ ते ८ टक्के. दूध तापवून निवल्यावर वर धरणाऱ्या सायीत तो एकवटतो. साय लावल्यावर त्वचेवर स्निग्ध थर बसतो आणि आतले पाणी उडून जाण्याचा वेग मंदावतो. म्हणून अंघोळीनंतर, अंग किंचित ओले असतानाच लावलेली साय अधिक उपयोगी पडते. तेलकट, मुरुमांच्या चेहऱ्याला मात्र ती मानवत नाही.

दही-ताकाचे काम निराळे आहे. विरजणातील जिवाणू दुग्धशर्करेपासून लॅक्टिक आम्ल तयार करतात. हे आम्ल १७८० साली स्वीडनमध्ये कार्ल विल्हेल्म शीले यांनी आंबलेल्या दुधातून वेगळे केले. वरच्या थरातील मृत पेशींना धरून ठेवणारे बंध ते सैल करते. शिवाय त्वचेत पाणी धरून ठेवणाऱ्या नैसर्गिक घटकांपैकी ते स्वतःच एक आहे. अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ यूजीन व्हॅन स्कॉट व त्यांचे सहकारी रुई यू यांनी १९७४ मध्ये, त्वचेवर खवले धरणाऱ्या इक्थिओसिस या विकारात अशा आम्लांचा उपयोग दाखवला आणि पुढे ती प्रसाधनांत आली. प्रसाधनांत लॅक्टिक आम्ल बहुधा ५ ते १० टक्के असते, घरच्या दह्यात साधारण १ टक्का. त्यामुळे दह्याचा परिणाम सौम्य, आणि म्हणूनच बहुतेकांना सोसणारा. ताज्या दुधात हे आम्ल जवळजवळ नसतेच. रापलेल्या, खरखरीत कातडीवर कच्चे दूध चोळण्यापेक्षा दही पंधरा मिनिटे ठेवून धुणे अधिक सयुक्तिक ठरते.

उन्हाने भाजलेल्या किंवा जळजळणाऱ्या त्वचेवर थंड दुधात भिजवलेल्या कापडाच्या घड्या ठेवल्यास आराम पडतो. यात गारव्याचा वाटा मोठा आहे. लंगोटाच्या पुरळावर आईचे दूध लावण्याची आजीबाईंची रीतही पोकळ नाही : इराणमधील एका चाचणीत (प्रसिद्धी २०१३) त्याचा गुण १ टक्का हायड्रोकॉर्टिझोन मलमाच्या तोडीचा आढळला.

दुधातील प्रथिने त्वचेला ‘पोषण’ देतात, हा जाहिरातींतला दावा मात्र टिकत नाही. केसीनचे रेणू इतके मोठे असतात की धडधाकट त्वचेतून ते आत शिरू शकत नाहीत. दूध करते ते पृष्ठभागावरच, आणि तेवढेही पुष्कळ आहे. त्याने माणूस गोरा होत नाही. मूळ वर्ण मेलॅनिन या रंगद्रव्यावर ठरतो व साय तो बदलत नाही. गोरेपणासाठी किंवा लव जावी म्हणून बाळाचे कोवळे अंग पिठाने खसाखसा घासणे निखालस घातक आहे. त्वचेचा संरक्षक थर त्याने सोलवटतो.

दुग्धस्नानाशी क्लिओपात्राचे नाव जोडले जाते ते दंतकथेने. अधिक भक्कम नोंद रोमन लेखक थोरला प्लिनी याची आहे : सम्राट नीरोची पत्नी पोपिया हिच्या स्नानासाठी पाचशे गाढविणी बाळगल्या जात, असे त्याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहिले.

दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी ते त्वचेवरही लावू नये. इसब झालेल्या, फुटलेल्या कातडीतून दुधाची प्रथिने आत जातात व तेथूनच नवी अ‍ॅलर्जी जडू शकते. शेळीच्या दुधाची प्रसाधने वापरल्यावर असे घडल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. जखमेवर कच्चे दूध लावणे टाळावे, कारण ब्रूसेलोसिससारख्या रोगांचे जंतू त्या वाटेने शरीरात शिरतात. वापरायचे दूध तापवून निववलेले असावे, प्रथम कोपराच्या आतल्या बाजूला लावून दिवसभर पाहावे, आणि चेहऱ्यावरचे दही-दूध सुकून ताणू लागण्याआधी कोमट पाण्याने धुऊन टाकावे.